जुनी क्रेटा की जुनी सेल्टॉस?

भावजींना 2020-21ची सेकंड हँड गाडी घ्यायची आहे आणि गाडं या दोन नावांवर अडलंय. क्रेटा ह्युंदाईची, सेल्टॉस कियाची, पण खरं तर घराणं एकच. किया मूळची जुनी, 1944ची, सायकलचे सुटे भाग बनवणारी. ह्युंदाई मोटर 1967ची. 1997 साली किया दिवाळखोरीत गेली आणि पुढच्याच वर्षी ह्युंदाईने ती ताब्यात घेतली. त्यामुळे दोन्हींत 1.5 लिटरचं पेट्रोल, 1.5चं डिझेल आणि 1.4चं टर्बो ही इंजिनं तीच.

खरा फरक सस्पेन्शनचा. सेल्टॉस कडक. हायवेवर पक्की वाटते, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर मागे बसलेल्यांना धक्के जाणवतात, ही मालकांची नेहमीची तक्रार. क्रेटा मऊ, मागची सीटही जास्त आरामाची. आईबाबा मागे बसणार असतील तर मला एवढंच पुरे.

टर्बोला मॅन्युअल गिअर हवा असेल तर त्या वर्षांत तो फक्त सेल्टॉसमध्ये, क्रेटात डीसीटीच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअर. रोज ट्रॅफिकमध्ये रांगायचं असेल तर डीसीटी मी तरी टाळेन.

मोठ्यांच्या सुरक्षेत दोघीही सारख्याच: गाड्या आदळून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या जुन्या चाचणीत प्रौढांसाठी पाचपैकी तीन तारे. सर्व्हिसला ह्युंदाईचं जाळं मोठं, तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला ते महत्त्वाचं.

थोडक्यात, कुटुंब आणि गावच्या फेऱ्या असतील तर क्रेटा. स्वतः चालवायची हौस आणि बहुतेक हायवे असेल तर सेल्टॉस. सनरूफवर मात्र भाळू नका.