कोटावरचा उलटा बगळा

कपड्यांचं वेड दोन प्रकारचं असतं. एक, मिळेल ते भरभरून घेण्याचं. दुसरं, एकाच कपड्यावर जीव जडण्याचं. माझं दुसऱ्या प्रकारचं. एखादी डिझायनर एकटीनं किंवा दोन-चार जणींना हाताशी धरून मोजकेच कपडे करते, त्यातला एक डोळ्यांत भरतो आणि महिनोन्‌महिने मनातून जात नाही. त्याच्या खिशाचा तिरका काप, बाहीचा घेर, कॉलरची उंची, सगळं पाठ होतं. असं वेड असलेल्यांसाठीच हे लिहिते आहे, कारण सध्या जोरात चाललेली एक फसवणूक नेमकी या वेडावर बेतलेली आहे.

माझा जीव जडला होता एका लिननच्या कोटावर. जाड, राखाडी-हिरवट लिनन, गुडघ्यापर्यंत लांबी, आत पातळ सुती अस्तर. आणि पाठीवर हाताने भरलेला एक बगळा. पंख साखळी टाक्याचे, डोळ्याच्या जागी एकच गाठी टाका. ही डिझायनर वर्षातून दोनदाच ऑर्डर घेते. पैसे आधी भरायचे, मग आठ-दहा आठवडे वाट पाहायची. त्या खेपेची यादी उघडल्या उघडल्या भरली आणि मी बाहेर राहिले.

त्यानंतर काही दिवसांतच तोच कोट मला जाहिरातीत दिसायला लागला. मूळ डिझायनरचं नाव कुठे नाही, फोटो मात्र तिचेच. सोबत मजकूर: आमची छोटी कार्यशाळा बंद होते आहे, इतकी वर्षं मशीनवर बसून आता हात साथ देत नाहीत, शेवटचे थोडे कपडे उरलेत, ते जाणकारांच्या घरी जावेत. मशीनपाशी बसलेल्या एका वृद्ध बाईंचा फोटो. नंतर तो मोठा करून पाहिला, तेव्हा मशीनच्या रिळातून निघालेला दोरा सुईपर्यंत पोचतच नव्हता, मध्येच हवेत संपत होता. चित्र एआयनं, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेनं, तयार केलेलं होतं. बाई नव्हत्याच, त्यामुळे हातही दुखत नव्हते.

किंमत काय होती, तर मूळ कोटाच्या साधारण दोन तृतीयांश. हा आकडा फार विचार करून ठेवलेला असतो. फुकटात दिल्यासारखी किंमत पाहिली की आपण सावध होतो. कार्यशाळा बंद होते आहे म्हणून थोडं कमी, हे मात्र पटतं. आमच्या या वर्तुळातल्या लोकांना घासाघीस करायची लाजच वाटते. हाताच्या कामाला पैसे मोजावेत, असं आम्ही एकमेकींना सांगत असतो. त्या भाबडेपणाचाही भाव त्यांनी लावलेला होता.

‘अनोळखी दुकानातून घेऊ नका’, ‘आधी पैसे देऊ नका’, ‘परतीची सोय नसेल तर लांब राहा’ असे सल्ले सगळीकडे मिळतात. पण खऱ्या छोट्या डिझायनरचं दुकान डोळ्यांसमोर आणा. नाव कुणी ऐकलेलं नाही. पैसे आधी, कारण कापड त्याच पैशांतून यायचं असतं. आठ आठवडे थांबा. मापाप्रमाणे शिवलेलं परत घेत नाही. फोन नंबर नाही, कारण फोन घ्यायला माणूस नाही. अभिप्राय पाच-सहाच. आणि ‘शेवटचे तीन’ असं लिहिलं असेल तर ते खरोखरच तीन असतात. म्हणजे फसवणाऱ्याची जी लक्षणं म्हणून सांगितली जातात, ती सगळी प्रामाणिक कारागिराला लागू पडतात. हे भामटे मोठ्या ब्रँडची नक्कल करत बसत नाहीत. ते छोटेपणाची नक्कल करतात, कारण छोटेपणाला पुरावा मागायची रीत नाही.

मी ऑर्डर दिली. पार्सल बऱ्याच उशिरानं आलं. कोटाचं पार्सल इतकं हलकं कसं, हा पहिला धक्का. उघडल्यावर आधी रंग पाहिला, तो बरोबर वाटला. लिननचा खरखरीत पोतही दिसत होता. हात फिरवला तर गुळगुळीत. विणीतल्या गाठी, जाड-बारीक सूत, सगळं दिसत होतं आणि बोटाला काहीच लागत नव्हतं. कोट उलटा करून पाठ पाहिली. बगळा होता. साखळी टाक्यांची कडी न्‌ कडी दिसत होती. प्रत्येक टाक्याखाली त्याची बारीक सावलीही होती. आणि ही सावली, मी कोट खिडकीपाशी नेला तरी, दिवा लावला तरी, त्याच बाजूला पडलेली. ते भरतकाम नव्हतं. भरतकामाच्या फोटोची छपाई होती.

आतून कोट पांढराफटक. अस्तर नाही. शिवणींना साधं इंटरलॉक, खिशाच्या जागी नुसती झाकणं शिवलेली, खाली खिसाच नाही. मानेपाशी लेबल कापून टाकलेलं, त्याचं टोक शिवणीत अडकून राहिलं होतं.

बाहेर रंग आणि आत पांढरं, यामागचं तंत्र एकदा समजलं की अशा वस्तू हातात घेताक्षणी ओळखता येतात. चित्र आधी कागदावर छापतात, मग कागद कापडावर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सिअसला दाबतात. त्या उष्णतेत रंगाची वाफ होते आणि ती कापडाच्या तंतूत शिरते. याला सब्लिमेशन छपाई म्हणतात. हा रंग पॉलिएस्टर धरून ठेवतं. सूत किंवा लिनन नाही. त्यामुळे फोटोइतकी बारीक छपाई आणि मागची बाजू कोरी पांढरी असेल, तर कापड बहुधा पॉलिएस्टरच, वर्णनात काहीही लिहिलेलं असो. तसं त्यांच्या वर्णनात ‘लिनन’ असा शब्द एकटा कुठेच नव्हता. ‘लिनन फील’ होता. शब्दांपुरतं पाहिलं तर त्यांनी लिननचं वचनच दिलेलं नव्हतं.

खात्री करायची म्हणून शिवणीच्या आतून थोडे धागे काढून चिमट्यात धरून, सिंकवर जाळून पाहिले. लिनन किंवा सूत जळताना जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. रेशीम, लोकर जळली की केस जळल्याचा वास. माझे धागे ज्योतीपासून आक्रसले, वितळले आणि त्यांचा काळा टणक मणी झाला. पॉलिएस्टर.

पॉलिएस्टर म्हणजे कमी दर्जाचं, असं मात्र नाही, हे जाता जाता सांगते. जपानी डिझायनर इस्से मियाके यांची १९९३ मध्ये सुरू झालेली प्लीट्स प्लीज ही कपड्यांची मालिका पॉलिएस्टरचीच आहे. कपडा अडीच-तीन पट मोठा शिवून मग उष्णतेनं चुण्या पाडतात, आणि त्या टिकतात त्या पॉलिएस्टर आहे म्हणूनच. तिथं कापडाचा गुण वापरला आहे. माझ्या कोटात कापडाचं सोंग होतं.

आता उलटेपणा. मूळ कोटावर बगळा डावीकडे पाहतो, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. माझ्या कोटावरचा उजवीकडे पाहत होता. बटणांचंही तेच. बायकांच्या कोटाची उजवी बाजू सहसा डावीवर येते आणि बटणं डावीकडे असतात. इथं उलटं. जाहिरातीतले फोटो पुन्हा काढून पाहिले तर तिथंही सगळं आरशात पाहिल्यासारखं. चोरलेला फोटो आडवा पलटवला की फोटोवरून मूळ शोधणाऱ्या यंत्रणेला तो ओळखणं थोडं अवघड जातं, म्हणून ही युक्ती. मग पलटवलेल्या फोटोवरूनच कोट छापला गेला. ज्यानं तो शिवला त्यानं खरा कोट कधी पाहिलाच नव्हता. तेव्हा फोटोवरून शोध घेताना फोटो पलटवूनही एकदा शोधा. आणि बटणं कुठल्या बाजूला आहेत, हे बघायला तर काहीच लागत नाही.

पैसे परत मागितल्यावर जो खेळ सुरू झाला, तो फसवणुकीचा खरा कसबी भाग. पहिल्या मेलला तत्काळ, अतिशय गोड उत्तर. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, कोट ठेवून घ्या, १५ टक्के परत देतो. नाही म्हटलं तर २५. मग ‘खास आपल्यासाठी’ ४०. तेही नको म्हटल्यावर परतीचा पत्ता आला, तो दुसऱ्याच खंडातला. पाठवण्याचा खर्च आपला, आणि तो कोटाच्या किमतीच्या जवळपास. प्रत्येक उत्तराआधी काही दिवसांची शांतता. प्रत्येक वेळी नवे फोटो मागायचे, तेच फोटो पुन्हा मागायचे.

ही दिरंगाई आळसाची नसते. कार्डानं पैसे भरले असतील तर बँकेकडे वाद नोंदवता येतो, पण त्याला मुदत असते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ या तक्रारीसाठी ती साधारणपणे १२० दिवसांची आहे, आणि तुमची बँक त्याहून आधीही मागू शकते. ती मुदत टळेपर्यंत तुम्हाला बोलण्यात गुंतवून ठेवायचं, हा सगळा बेत. शिवाय ‘४० टक्के मान्य’ असं एकदा लिहून दिलंत की बँकेपुढे ते तुमची संमती म्हणून ठेवतात. म्हणून टक्क्यांच्या वाटाघाटीत शिरूच नका. एक मेल, त्यात स्पष्ट मागणी, ठरावीक तारीख, आणि ती उलटली की बँक. मी बँकेला दोन्ही कोटांचे फोटो शेजारी शेजारी लावून दिले, आतल्या पांढऱ्या बाजूचा फोटो दिला आणि वर्णनातला ‘हॅंड-एम्ब्रॉयडर्ड’ हा शब्द अधोरेखित केला. लिननच्या बाबतीत ते शब्दांशी खेळले होते, भरतकामाच्या बाबतीत त्यांचा हात घसरला होता. पैसे मिळाले. बँक ट्रान्सफरनं भरले असते तर ही वाट सहसा नसतेच.

मूळ डिझायनरला कळवलं. तिचं उत्तर आलं ते रागाचं नव्हतं, दमलेलं होतं. अशा दुकानांचे पत्ते तिला लोक पाठवतच असतात. कोटाच्या कापावर हक्क सांगणं सोपं नाही. अमेरिकेत कपड्याचा आकार ही उपयोगाची वस्तू धरली जाते, तिला कॉपीराइट मिळत नाही. त्यावरचं चित्र वेगळं काढून पाहता आलं तरच ते संरक्षणाला पात्र ठरू शकतं, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या एका निकालात म्हटलं. युरोपीय संघात नोंदणी न करताही डिझाइनला संरक्षण आहे, पण तीनच वर्षं. त्यामुळे ती फोटोंच्या हक्कावरून नोटिसा पाठवते, कारण फोटो निर्विवाद तिचे. दुकान बंद होतं आणि तेच फोटो घेऊन नव्या नावानं उघडतं. लोक मात्र खराब कोट आला म्हणून तिलाच शिव्या घालतात, हे तिला जास्त लागतं.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? माझ्यापुरतं मी ठरवलं आहे की दुकान किती मोठं हे बघायचं नाही, कपडा कुणीतरी खरंच केला आहे का ते बघायचं. जो करतो त्याच्याकडे आतले फोटो असतात: शिवणी, अस्तर, अर्धवट झालेली बाही, फसलेला नमुना. जो चोरतो त्याच्याकडे फक्त चोरण्याजोगे फोटो असतात, म्हणजे समोरचे, छान उजेडातले. मग एक प्रश्न विचारायचा. लिनन चौरस मीटरला किती ग्रॅमचं आहे? लांबी वाढवायची झाली तर खालच्या दुमडीत किती कापड सोडलं आहे? धुतल्यावर किती आटतं? कारागिराला असा प्रश्न विचारला की उत्तर गरजेपेक्षा लांब येतं, बहुतेक वेळा कापड कुठून आणलं त्याच्या कहाणीसकट. भामट्याकडून ‘आमची उत्पादनं उच्च दर्जाची आहेत’ एवढंच येतं. आतल्या बाजूचा एक फोटो पाठवा म्हणावं. तिथे बहुतेक दुकानं गप्प होतात.

वेबसाइटचं नाव कधी नोंदवलं गेलं, ही माहितीही कुणालाही फुकट पाहता येते. ‘तीन दशकांची परंपरा’ सांगणाऱ्या, मला फसवणाऱ्या त्या दुकानाचं नाव काही महिन्यांपूर्वीचं निघालं. अर्थात नवी डिझायनरही नवंच नाव घेते, तेव्हा नुसतं नवेपण दोष नाही. परंपरा आणि तारीख एकमेकांना खोटं पाडत असतील, तर मात्र विषय संपला.

आणखी एक, कारण हे कुणी सांगत नाही. बँकेकडून पैसे परत आल्यानंतर मला एक मेल आला. ‘ग्राहक संरक्षण विभाग’, त्याच दुकानाविरुद्धच्या तक्रारी एकत्र केल्या आहेत, तुमची नुकसानभरपाई मंजूर झाली आहे, फक्त प्रक्रिया शुल्क भरा. ऑर्डर क्रमांक अचूक, रक्कम अचूक, कोटाचा रंगसुद्धा अचूक. ही माहिती माझ्याकडे, बँकेकडे आणि त्या दुकानाकडेच होती. फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात किंवा तीच माणसं दुसरी टोपी घालून येतात. असा मेल आला तर उत्तर देऊ नका, ‘मला आधीच मिळाले’ हेसुद्धा कळवू नका. त्या पत्त्यावर कुणीतरी वाचतं, एवढंच त्यांना हवं असतं.