लोकसहभागासाठी वेळ द्यायचाय: तालुक्यातली संस्था की व्यावसायिक संघटना?

समाजकार्याची पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलं हा प्रश्न विचारतात, आणि निवृत्तीला टेकलेले काही मित्रही. आठवड्याचे चार-पाच तास हाताशी आहेत, लोकांना निर्णयात वाटा मिळावा यासाठी काही करायचंय, तर ते तास द्यावेत कुठे? लातूर, बीड, धाराशिवकडे पूर्वी याला एकच उत्तर होतं. तालुक्याची एखादी संस्था गाठा, ग्रामसभा, गाव विकास आराखडा, रोजगार हमीचं सामाजिक अंकेक्षण (गावानेच केलेली हिशेबतपासणी), यातलं काहीतरी तुमच्या वाट्याला येईलच. आता दुसरीही सोय झालीय. लोकसहभाग हाच ज्यांचा पेशा आहे अशा लोकांच्या आंतरराष्ट्रीय संघटना आहेत, आणि त्यांच्या समित्यांचं काम घरबसल्या, पडद्यावर चालतं. मी दोन्हीकडे वेळ दिलाय, अजूनही देतो. कुणाचं नाव घेणार नाही, कारण दोन्हीकडच्या माणसांशी उद्याही बोलायचंय.

संस्थेची बाजू आधी, कारण ती भक्कम आहे. परदेशातल्या सहकाऱ्यांना मी ग्रामसभेबद्दल सांगतो तेव्हा ते टिपणं घ्यायला लागतात. त्यांच्याकडे रस्ता किंवा धरण करायचं ठरलं की लोकांशी बोलायला एखादी सल्लागार कंपनी नेमतात, प्रकल्प संपला की बोलणंही संपतं. आपल्याकडे ७३ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे २४ एप्रिल १९९३ पासून, ग्रामसभेला संविधानातच जागा मिळाली. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार सभा घ्याव्याच लागतात, त्यांच्याआधी महिलांची वेगळी सभा, आणि गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. दोन हजार मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे ३००, तेव्हा १०० माणसं पुरतात. २०१५ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ उपक्रमाने आराखडाही गावाने करायचा, असं कागदावर आलं. एवढं हाताशी असताना दुसरीकडे कशाला जायचं, हा युक्तिवाद मी स्वतः कितीतरी वर्षं करत होतो.

शिवाय या भागाला हे काम नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली, आणि बाकीच्या गावांत घरांच्या दुरुस्तीच्या कामात गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. इंजिनिअर काय म्हणतोय ते घरात समजावून सांगायचं आणि घरातलं गाऱ्हाणं इंजिनिअरपर्यंत न्यायचं, हे त्यांचं काम. आजही त्या पिढीतली एखादी बाई सभेत उठली की ग्रामसेवक पेन खाली ठेवून ऐकतो. असं शिक्षण कुठल्याही परिसंवादात मिळत नाही.

आणि समन्यायाचा, म्हणजे कुणाच्या वाट्याला काय येतं याचा, प्रश्न इथे पुस्तकातला राहत नाही. बीडच्या ऊसतोडीच्या गावात २६ जानेवारीची सभा घेऊन बघा. दसरा-दिवाळी झाली की जोडप्यांचे ट्रॅक्टर, ट्रक कारखान्याकडे निघतात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, परत येतात. जानेवारीत गावात म्हातारी माणसं आणि शाळेची मुलं. ज्यांच्या वस्तीला पाणी नाही, रस्ता नाही, ती घरं कुलूपबंद. तरी सभा कायदेशीर, ठराव कायदेशीर. पाण्याचे आणि घरकुलांचे विषय १५ ऑगस्टच्या सभेत घ्या, एवढी एक सूचना गावाच्या गळी उतरवली तरी स्वयंसेवकाने वर्षाचं काम केलं असं मी मानतो. ही सूचना सुचायला त्या गावात बसावं लागतं, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून ती सुचणार नाही.

आता संघटना. या क्षेत्रातली परिचित म्हणजे आयएपी-टू (इंटरनॅशनल असोसिएशन फॉर पब्लिक पार्टिसिपेशन), स्थापना १९९०. तिची सहभागाची पाच पायऱ्यांची पट्टी बहुतेकांनी प्रशिक्षणात पाहिलेली असते: माहिती देणं, मत विचारणं, सामील करणं, सोबत ठरवणं आणि निर्णयच लोकांच्या हाती देणं. त्याआधी १९६९ मध्ये शेरी अर्नस्टीन यांनी आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, ती जास्त तिखट होती. लोकांना नुसतं खेळवणं ही तिची सगळ्यात खालची पायरी. मला शिडी आवडते, काम करताना मात्र पट्टी उपयोगी पडते. कारण तिच्या प्रत्येक पायरीखाली लोकांना काय वचन द्यायचं ते लिहिलेलं असतं, आणि जे वचन दिलं नाही ते पाळल्याचा आव आणता येत नाही.

अशा संघटनांत स्वयंसेवक काय करतो? परिषदेसाठी आलेले प्रस्ताव वाचतो, पुरस्कारांचं परीक्षण करतो, नवख्यांना हाताशी धरतो, मार्गदर्शिकांचे मसुदे तपासतो. अलीकडे समन्याय आणि समावेशन या विषयावर वेगळे कार्यगट असतात, मी अशाच एका गटात शिरलो. अडचणी खऱ्या आहेत. ब्रिस्बेनला सकाळचे १० म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. टोरांटोची दुपार आपल्या झोपेच्या वेळी येते, त्यात लाइट गेली की राउटर बंद. वर्गणी परकीय चलनात, आणि अधिकृत प्रशिक्षण तर संस्थेच्या कार्यकर्त्याला खिशातून परवडण्यासारखं नसतंच. उदाहरणं ट्रामची, उद्यानांची, आणि तिथल्या आदिवासींशी झालेल्या करारांची. ती ऐकताना आपण काय करतोय इथे, असं वाटण्याचे दिवस येतात. इंग्रजी लिहिता येत असेल तर निभतं. बोलण्याचं मनावर घेऊ नका, तिथेही निम्मे लोक दुसऱ्या भाषेतून आलेले असतात.

इथपर्यंतचा हिशेब केला तर संस्थेचं पारडं जड दिसतं, आणि बऱ्याच जणांसाठी ते तसंच राहील. माझं ज्या एका गोष्टीने हललं ती आहे सह्यांची वही.

सभा अकराची असते. साडेअकरापर्यंत मंदिरापुढे पंधरा-वीस माणसं जमतात, त्यात सदस्यच जास्त. मग कोणीतरी प्रेमाने माझ्या हातात वही देतं. ‘‘सर, तुम्ही जरा वस्तीकडून फिरून या.’’ म्हणजे शंभराचा आकडा भरायचा. आणि हे काम स्वयंसेवकाकडेच येतं, कारण तो बाहेरचा आहे, शिकलेला आहे, कुठल्या पार्टीचा नाही, त्याला कोणी नाही म्हणत नाही. सरपंचाने पाठवलेल्या पोराला बाई विचारेल की कशाची सही. मला विचारत नाही. मी ज्या कारणासाठी या कामात आलो, लोकांचा विश्वास मिळावा म्हणून, तोच विश्वास इथे वापरला जातो, आणि तोही लोकांना सभेपासून लांब ठेवायला. कारण एकदा घरी सही झाली की यायचं कारणच उरत नाही. एका वस्तीवर मी सही न घेता ‘‘चला, सभेला चला’’ म्हणालो, तर म्हातारी हसली. ‘‘सही तं देते की बाबा. मग आता मीटिंगला कशाला बोलवायलाव?’’

गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करून पुन्हा बोलावण्याची सोय नियमातच आहे. पण तहकुबी म्हणजे कमीपणा, आणि कमीपणा नको म्हणून वही फिरते. कधी सह्या आधी, सभा मधे आणि ठराव संध्याकाळी ग्रामसेवकाच्या घरी. संस्थेच्या मंडळींशी बोललो तर तेही समजूतदारपणे खांदे उडवतात. त्यांनाही उपस्थितीचा कागद आणि फोटो पुढे पाठवायचा असतो, त्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. ‘‘तुम्ही फार तात्त्विक होता,’’ हे वाक्य मला तिथेच मिळालं. असेनही.

गंमत अशी की ज्या जनसुनावणीला आपण सगळे नावं ठेवतो, कारखान्याच्या पर्यावरण मंजुरीच्या, तिथे हा क्रम बरा आहे. २००६ च्या अधिसूचनेत गणपूर्तीची अट नाही, तेव्हा हजेरी फुगवायची गरजही नाही. आणि लोकांनी काय काय मांडलं ते शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं, मग अधिकाऱ्याने सही करायची, असं त्यात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात वाचन किती घाईत उरकतात ते मला माहीत आहे. तरी ‘आधी वाचून दाखवा’ असं उठून म्हणायला कागदावर आधार तरी आहे.

उलट बाजूचा अनुभव छोटा आहे. माझ्या कार्यगटात एका तपासणी यादीचा मसुदा आला: सहभागात कोण सुटलं ते कसं ओळखावं. लिंग, वय, अपंगत्व, वंश, भाषा असे रकाने होते, जात नव्हती. मी दोन सूचना पाठवल्या. एक, जात घाला. दुसरी, सभेत कोण सतरंजीवर बसलं, कोण भिंतीला टेकून उभं राहिलं आणि कोण पाराच्या पलीकडून ऐकत होतं, हे नोंदवायची जागा ठेवा. आमच्याकडे यावरून जेवढं कळतं तेवढं प्रश्नावलीतून कळत नाही. दोन-तीन आठवड्यांनी तक्ता आला. पहिल्या रकान्यात माझी सूचना, जशीच्या तशी. दुसऱ्यात निर्णय. तिसऱ्यात कारण. जातीची सूचना अंशतः मान्य झाली, ‘जन्माने ठरणारं सामाजिक स्थान’ अशा शब्दांत. बसण्याच्या जागेची फेटाळली, यादी ऑनलाइन बैठकांनाही लागू पडायला हवी म्हणून.

मला ते कारण आजही पटत नाही, ‘अंशतः’ वरही माझा राग आहे. पण माझ्या म्हणण्याचं काय झालं ते कोणीतरी लिहून कळवलं, आणि माझ्याच नाही, सगळ्यांच्याच. आयएपी-टूची जी सात मूल्यं आहेत त्यात हे शेवटचं: लोकांच्या म्हणण्याचा निर्णयावर काय परिणाम झाला ते त्यांना कळवलं पाहिजे. मूल्यं भिंतीवर सगळ्यांचीच असतात. इथे ते माझ्यावरच वापरून दाखवलं गेलं. गावातल्या कामात इतक्या वर्षांत एवढी एक गोष्ट मला कोणाकडून मिळाली नव्हती, आणि खरं सांगायचं तर गावकऱ्यांनाही नाही.

तो तीन रकान्यांचा तक्ता मी मराठीत करून एका ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला नेला. मागच्या सभेत कोण काय म्हणालं, काय ठरलं, नाही तर का नाही. ग्रामसेवकाचा पहिला प्रश्न: ‘‘हे कोणत्या जीआरमध्ये आहे?’’ जीआर नाही म्हटल्यावर त्याने मला चहा पाजला आणि तक्ता कपाटात ठेवला. दुसऱ्या एका गावात मात्र महिला सभेच्या बायकांनी तो उचलला, त्यातला ‘का नाही’ हा रकाना त्यांना फार आवडला. त्यामुळे मी असं म्हणणार नाही की संघटनेत शिकलेलं इथे लागू पडत नाही. पडतं, पण आपल्याला ते पाठीवर वाहून आणावं लागतं, आणि निम्म्या वेळा ते कपाटातच जातं.

वय पंचविशीच्या आत असेल आणि ग्रामसभा आतून पाहिली नसेल, तर आधी दोनेक वर्षं संस्थेत जावं, यात मला शंका नाही. नुसती पट्टी शिकून आलेला माणूस उसाच्या फडावर काय विचारेल याची मला भीती वाटते. इंग्रजी वाचन जड जात असेल, किंवा वर्गणीचे पैसे काढताना हात आखडत असेल, तरीही संस्थाच. पण ज्यांनी ही कामं करून झालीत, ज्यांच्या हातात दरवेळी तीच वही येते आणि घरी येऊन जेवण गोड लागत नाही, त्यांनी एक वर्ष तिकडे काढून बघावं, असं मला आपलं वाटतं. वर्गणी भरण्याआधी समितीत पाहुणा म्हणून बसता येतं का ते विचारा, पुष्कळ ठिकाणी बसू देतात. पहाटेच्या बैठकीची सवय होते, तेवढ्या वेळात लाइटही सहसा असते.

कुठेही जा, आधी एक मागणी करून पाहा. संघटनेकडे समितीच्या मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागा, संस्थेकडे ती जिथे काम करते त्या गावच्या मागच्या सभेचं प्रोसिडिंग. माझ्या बाबतीत पहिलं त्याच दिवशी मेलवर आलं. दुसऱ्याच्या कपाटाची चावी ज्याच्याकडे असते तो बाहेरगावी गेलाय, येत्या सोमवारी येईल म्हणाले.