मळी की माल्ट: पहिली चांगली बाटली घेताना

भाच्याचा फोन आला. "मामा, एकाच बाटलीचं बजेट आहे. चांगली रम घेऊ की सिंगल माल्ट व्हिस्की?" वय 27, म्हणजे परमिट काढून घ्यायला मोकळा. महाराष्ट्रात रम-व्हिस्कीसाठी वयाची अट 25 आहे, गोव्यात 21. आमच्या घरात मामा-भाच्यांनी हा विषय काढणं अजून अवघडच, पण त्याने विचारलंच आहे तर नीट उत्तर द्यायला हवं.

रम गोड आणि हलकी, व्हिस्की कडक, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या उलटून बघा, रम असो वा व्हिस्की, आकडा एकच: 42.8 टक्के. काहींवर शेजारीच '25 यू.पी.' लिहिलेलं असतं. हे यू.पी. म्हणजे 'अंडर प्रूफ', दारूचा कडकपणा मोजायच्या ब्रिटिशांच्या मोजमापाचं शेपूट. ओल्ड मंकवाल्या मोहन मिकिनचं ठाणं गाझियाबादेत असलं, तरी या 'यू.पी.'चा उत्तर प्रदेशाशी संबंध नाही. तेव्हा डोक्यात कोण लवकर जातं, हा प्रश्न बाजूला ठेवू.

खरी गोम दुसरीकडे आहे. साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेल्यांना मळी सांगायला नको. साखर काढून उरलेला तो काळा, दाट पाक आंबवून त्याची दारू गाळतात. त्यापासून रम बनते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आपल्या दुकानातल्या स्वस्त व्हिस्कीतही वर्षानुवर्षं मळीचंच न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे जवळपास बिनवासाची, बिनचवीची दारू, येत आलं आहे. त्यात थोडं माल्ट (मोड आणलेल्या बार्लीची दारू), थोडा रंग, झाली व्हिस्की. युरोपात व्हिस्की धान्याचीच लागते, त्यामुळे तिथे हिला त्या नावाने विकता येत नाही. अलीकडे धान्याच्या स्पिरिटवर बनवणारे वाढले आहेत, तरी लेबलवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्या.

एकदा घरी मेव्हण्याने माझी परीक्षा घेतली. पाठ करून बसलो, त्याने एक स्वस्त व्हिस्की आणि एक स्वस्त रम बर्फ घालून स्टीलच्या पेल्यांत दिली. मी दोनदा चुकलो. आता माहीत आहे की चूक अर्धी जिभेची आणि अर्धी पेल्याची होती. रंग दिसत नाही, बर्फाने वास दबतो आणि पसरट तोंडाच्या पेल्यात उरलेला वासही थांबत नाही. पण दोन्हींचं मूळ कदाचित एकाच मळीत होतं, हेही खरं. म्हणून त्या पायरीवर 'रम की व्हिस्की' विचारण्यात फारसा अर्थ नाही. सोडा घालून आवडेल ती घ्या.

वरच्या पायरीवर मात्र दोघी अगदी वेगळ्या वळणाच्या होतात.

सिंगल माल्टचं लेबल बरंच काही सांगतं: एकाच डिस्टिलरीत, निव्वळ मोड आणलेल्या बार्लीची, लाकडी पिंपात मुरलेली. स्कॉच असेल तर किमान 3 वर्षं ओकच्या पिंपात आणि किमान 40 टक्के. साखर घालायची सोय नाही. रमचा कारभार ढिला. प्रत्येक देशाचा नियम निराळा, आणि गाळून झाल्यावर गोडी घालायला अनेक ठिकाणी मुभा. युरोपीय संघातसुद्धा लिटरमागे 20 ग्रॅमपर्यंत चालतं. घरच्या घरी बघायचं तर बशीत चमचाभर रम ओतून ती उघडी ठेवा आणि सकाळी बोट फिरवा. चिकट थर लागला तर काही तरी घातलेलं आहे. गोडी घालणं गुन्हा नाही, पण जीभ ज्याला 'मुरलेलं' म्हणते ते कधी कधी नुसतं गोड असतं, एवढं ओळखता यावं.

आता नावं घेऊन बोलू. बेंगळुरूच्या अमृतने 2004 साली आपली सिंगल माल्ट आधी ग्लासगोत नेली, स्कॉटलंडच्याच अंगणात. घराणं जगदाळ्यांचं, आडनाव आपल्या कानाला ओळखीचं. त्यांची फ्यूजन भारतीय बार्ली आणि स्कॉटलंडची पीटच्या (दलदलीतल्या मातीसारख्या जळणाच्या) धुरावर वाळवलेली बार्ली मिळून बनते, 50 टक्क्यांची. पहिल्या बाटलीसाठी मी ती देणार नाही. पाणी किती घालायचं हे कळेपर्यंत ती चटके देते. गोव्यातली पॉल जॉन नवशिक्याला सोपी: ब्रिलियन्स बिनधुराची, एडिटेड जरा धुरकट, बोल्ड म्हणजे थेट चुलीपुढे बसल्यासारखी. हरियाणातली इंद्री ट्रिनी तीन तऱ्हेच्या पिंपांतून येते, बर्बनच्या (अमेरिकी व्हिस्की), फ्रेंच वाइनच्या आणि शेरीच्या (स्पेनची कडक वाइन). मला तिच्यात भिजवलेले मनुके आणि संत्र्याची साल लागते. ब्रिलियन्समध्ये मध आणि ताज्या चिक्कीचा वास.

या बाटल्यांवर वय लिहिलेलं नसतं म्हणून नाक मुरडू नका. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला 2 टक्क्यांच्या आसपास दारू उडून जाते, बेंगळुरूत 10 ते 12 टक्के. आपल्या उन्हात माल झपाट्याने मुरतो आणि तितक्याच झपाट्याने संपतो. बारा वर्षं ठेवायची म्हटली तर पिंपात उरणार किती?

रमची बाजू. 1954 पासूनची ओल्ड मंक कुणाला समजावून सांगायची गरज नाही. व्हॅनिला, काकवी, किंचित जायफळ. कोलात, गरम पाण्यात लिंबू पिळून किंवा थंडीत नुसती, कुठेही शोभते. पण शांत बसून शोधायला गेलात तर दुसऱ्या घोटानंतर ती नवीन काही सांगत नाही. मला आवडते, तरीही सांगतो. अमृतची टू इंडीज एक पाऊल पुढची: जमैका, बार्बाडोस आणि गयानाच्या रम, त्यात भारतातली गुळाची रम. गुऱ्हाळाच्या कढईशेजारी उभं राहिल्यावर जो वास येतो, तो ग्लासात आहे. इंद्रीवाल्यांचीच 12 वर्षांची कामिकारा मळीऐवजी उसाच्या रसाची आहे, पण पहिल्या बाटलीच्या बजेटात ती सहसा बसत नाही. परदेशातून कुणी येत असेल तर एखादी जमैकन रम मागवा. जास्त पिकलेलं केळं, अननस, जरा फणसाची आठवण. पहिल्यांदा वास घेणारे दचकतात. रम म्हणजे नुसती गोडी नव्हे हे तिच्याइतकं स्पष्ट कुणी सांगत नाही.

तुलना करायची तर तोंडाशी निमुळते, पोटाशी फुगीर असे दोन ग्लास घ्या. दोन्हींत 20-20 मिली, बर्फ नाही. मे महिन्यात बाटली खोलीत तापलेली असते, तेव्हा आधी अर्धा तास फ्रीजच्या दारात ठेवा. वास घेताना नाक आत खुपसू नका, तोंड थोडं उघडं ठेवा. पहिला घोट फक्त जीभ सरावायला, मत दुसऱ्यावर बनवा. मग चमच्याने चार थेंब पाणी. धुरकट वासाचे रेणू पाण्याने पृष्ठभागाकडे सरकतात, त्यामुळे बोल्डसारखी माल्ट खुलते. गोड रमला मात्र पाणी मानवत नाही, ती नुसतीच पातळ होते. माल्ट आधी, रम नंतर. उलटं केलंत तर रमच्या गोडीपुढे बिचारी माल्ट कडू लागेल. चकल्या-शेव लांब ठेवा, साधे भाजलेले शेंगदाणे पुरे.

आता घ्यायचं काय? मित्र जमणार, कोला-सोडा येणार, तर माल्टवर पैसे घालवू नका. तिची अर्धी गंमत नाकात असते, ती कोलात बुडते. त्या पैशात ओल्ड मंकच्या तीन-चार बाटल्या तरी येतील. एकट्याने, आठवड्यात एखाद-दोनदा, 30 मिली घेऊन बसणार असाल तर माल्ट. आणि गोड खाण्याची आवड असेल, पुरणपोळीनंतरही गुळाचा खडा शोधत असाल, तर माझं ऐकून माल्ट घेऊ नका, टू इंडीज घ्या. 'व्हिस्कीतलं कळतं' हे दाखवण्यासाठी घेतलेली माल्ट कपाटातच राहते, आणि तळाशी थोडी उरलेली बाटली हवेमुळे काही महिन्यांत फिकी पडते.

गोव्यात स्वस्त मिळते म्हणून पिशवी भरून आणायचा मोह होईल, पण परवान्याशिवाय ती हद्द ओलांडणं अंगाशी येतं.

भाच्याला एक व्यवहाराची गोष्ट सांगितली. आपल्याकडे रमची क्वार्टर कोपऱ्यावर मिळते, चांगल्या माल्टची सहसा मिळत नाही. म्हणजे रम चाखून बघायला पूर्ण बाटलीची गरज नाही, माल्टला आहे. म्हणून बाटली ब्रिलियन्सची, सोबत ओल्ड मंकची एक क्वार्टर. शनिवारी दोन ग्लास घेऊन येतो म्हणालाय. आईला सांगू नकोस, हेही म्हणालाय.