गाय गाभण आहे का: हाताने तपासायचं की सोनोग्राफी?

रेतन करून महिना झाला, गाय माजावर आली नाही, आता डॉक्टरकडून हाताने (गुदद्वारातून हात घालून गर्भाशय चाचपून) तपासून घ्यायचं की सोनोग्राफी करायची, हा प्रश्न बरेच जण विचारतात.

खरा फरक दिवसांचा आहे. सोनोग्राफीत साधारण 28-30 दिवसांत कळतं, गर्भाचे ठोकेही दिसतात आणि जुळं असेल तर तेही बऱ्याचदा समजतं. हाताने खात्रीने सांगायला 45 ते 60 दिवस लागतात, म्हणजे गाय रिकामी निघाली तर 21 दिवसांनी येणारा एक माज तरी हातचा गेलेला असतो आणि भाकड काळ वाढतो तो वेगळाच.

खर्चात हाताची तपासणी स्वस्त, हातमोजा आणि अनुभवी हात एवढंच लागतं, पण नवखा असेल तर चुकतोही. मशीन महाग, आणि स्क्रीनवरचं ओळखायलाही सराव लागतोच.

एक मात्र नक्की करा, 30 दिवसांना गाभण निघाली तरी 60-90 दिवसांत परत तपासा, कारण सुरुवातीचे काही गर्भ टिकत नाहीत.

एक-दोन जनावरं असतील आणि डॉक्टर अनुभवी असेल तर हाताची तपासणी पुरते. मोठा गोठा किंवा सारखी उलटणारी (रेतन करूनही गाभण न राहणारी) गाय असेल तर सोनोग्राफीच करा.