जुना पॉवर टिलर की जुना मिनी ट्रॅक्टर?
गुहागरकडचा एक मित्र अडलाय: भातशेती आणि थोड्या आंब्याच्या कलमांसाठी जुन्यातलं काय घ्यावं?

आधी जमीन बघा. आपल्याकडे कोकणात कुणगे, म्हणजे भाताचे तुकडे, लहान, बांध उंच. 12-13 एचपीचा टिलर, म्हणजे मागे चालत हाकायचं नांगरणीचं यंत्र, फळ्या टाकून खालच्या कुणग्यात उतरवता येतो. ट्रॅक्टरला वाट लागते, वळायला जागा लागते. पण टिलरमागे दिवसभर चिखल तुडवायचा म्हणजे खांदे भरून येतात. साठीच्या माणसाला ते झेपत नाही, हे विक्रेता सांगणार नाही.

दुरुस्तीत टिलर स्वस्त. एका सिलिंडरचं इंजिन, व्ही-बेल्ट. गावातला मेकॅनिकही उघडतो. ट्रॅक्टर घेताना मात्र गिअरबॉक्सचं तेल काढून बघाच. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. चिखलणीत, म्हणजे लावणीआधी चिखल करताना, सील गेलं की हेच होतं. मग भाव कितीही पाडला तरी नको. आरसी बुकही विकणाऱ्याच्याच नावावर हवं.

खारा वारा दोन्ही यंत्रांना सारखाच खातो. चिखलणी झाली की गोड्या पाण्याने धुवा, सुकवा, पात्यांना तेल फासा.

निव्वळ भात आणि अंगात जोर असेल तर टिलर. बागेत फवारणी, ट्रॉलीने खत आणि आंब्याच्या पेट्या वाहायच्या असतील, गाडीवाट शेतापर्यंत असेल, तर ट्रॅक्टरच घ्या.