हळदीचा कंटेनर: बुकिंग थेट लाइनकडे की फॉरवर्डरकडे?

एफओबीने, म्हणजे जहाजाचं भाडं खरेदीदाराने भरायच्या अटीवर, माल विकला असेल तर फॉरवर्डर (निर्यातदार आणि लाइन, म्हणजे जहाज कंपनी, यांच्यामधला वाहतूक एजंट) खरेदीदारच ठरवतो. प्रश्न येतो तो भाडं आपल्याकडे असताना.

समजा सांगलीची हळद, वीस फुटी कंटेनर, न्हावा शेवाहून हॅम्बुर्ग. लाइनच्या पोर्टलवर दर लगेच दिसतो, मध्ये कोणी नसतं. वर्षभर ठरावीक कंटेनर जात असतील तर थेट करार कदाचित स्वस्तच पडेल. फॉरवर्डरचं कोटेशन थोडं चढं असतं, पण जहाजावर जागा नाही म्हटल्यावर तो दुसऱ्या लाइनवर बुकिंग करून देतो. अर्थात गेट-इन व्हायच्या आत. कंटेनर एकदा बंदरात गेला की त्याच्याही हातात फारसं काही नसतं.

माझ्या लेखी निकाल लावते ती बीएलची (बिल ऑफ लॅडिंग, जहाजावर चढलेल्या मालाची पावती) दुरुस्ती. एलसीत (आयातदाराच्या बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र) आयातदाराचा पत्ता जसा आहे तसाच बीएलच्या नोटिफाय पार्टीत (माल पोचल्याची खबर कोणाला द्यायची, त्या रकान्यात) लागतो; घर नंबर राहिला तरी बँक डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदांतली तफावत, काढते. लाइनकडे एसआयची (बीएलचा मजकूर कळवणाऱ्या सूचनेची) कटऑफ उलटली की अमेंडमेंटचा अर्ज, वर फी, आणि उत्तराची वाट. इकडे कागद बँकेत द्यायचे 21 दिवस शिपमेंटच्या तारखेपासून धावत असतात. फॉरवर्डरने स्वतः दिलेलं हाउस बीएल असेल तर तिन्ही ऑरिजिनल परत द्या, बहुधा त्याच दिवशी नवीन मिळतात. कारण लाइनने फॉरवर्डरला दिलेल्या मास्टर बीएलवर नावं त्याची आणि त्याच्या तिथल्या एजंटची, त्यामुळे ते बदलावं लागत नाही. सील नंबर चुकला तर मात्र मास्टरही बदलावं लागतं, तिथे सुटका नाही.

म्हणून महिन्याला एक-दोन कंटेनर आणि एलसीवरचा व्यवहार असेल, तर मी फॉरवर्डरकडेच जाईन. फक्त एलसी उघडण्याआधीच मसुदा बघा. ‘फॉरवर्डरचं बीएल चालणार नाही’ असं कलम असेल तर लाइनचंच बीएल घ्यावं लागतं आणि हा फायदा संपतो. हॅम्बुर्गचा एजंट डिलिव्हरी ऑर्डरचे (माल सोडायच्या पत्राचे) किती घेणार, तेही आधी लेखी घ्या. नाहीतर आयातदाराचा पहिला फोन त्याच बिलाबद्दल येतो. फॉरवर्डर नवा असेल तर 1993 च्या मल्टिमोडल कायद्याखालचा एमटीओ (मल्टिमोडल वाहतूकदार) नोंदणी क्रमांक मागा, आणि प्रीपेड भाडं त्याने लाइनला भरल्याची पावतीही. ते थकलं तर लाइन तिकडे कंटेनर सोडत नाही, मग तुम्ही पैसे दिलेले असोत वा नसोत.