डॉट एचटीअ‍ॅक्सेस वापरून बॉट अडवले: कामाची चीज, पण एका कंसापायी अख्खी साइट बंद?

नेरूळच्या डीपीएस तलावावरचे आणि ठाणे खाडीतले फ्लेमिंगोचे फोटो मी माझ्या साइटवर टाकतो. होस्टिंग स्वस्तातलं, शेअर्ड, बँडविड्थ मोजून मिळते. मार्चमध्ये ऐन सीझनला साइट बंद, का तर कोटा संपला. सपोर्टवाल्याचं एकच पालुपद, मोठा प्लॅन घ्या. अरे पण माणसं किती आली नि बॉट, म्हणजे आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅम, किती ते तरी बघ ना! शेवटी सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोणी काय मागितलं त्याची नोंद, मीच चाळला, तर एसईओवाले (साइट सर्चमध्ये वर आणण्याच्या धंद्यातले) क्रॉलर, एआयसाठी माल गोळा करणारे बॉट, माझी साइट वर्डप्रेसवर नसताना त्याचं लॉगिनचं पान डब्ल्यूपी-लॉगिन शोधणारे, आणि वर काही साइट माझे फोटो थेट माझ्याच सर्व्हरवरून दाखवतायत. म्हणजे शोभा त्यांच्या पानाला आणि कोटा माझा. जास्तीचे पैसे भरणार नाही म्हणजे नाही, म्हणून अपाचे या सर्व्हर सॉफ्टवेअरचे नियम डॉट एचटीअ‍ॅक्सेस या साइटच्या फोल्डरमधल्या फाइलमध्ये लिहायला घेतले.

बॉटना 'इथे येऊ नका' सांगणारी रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइल १९९४ पासून आहे, २०२२ मध्ये तिचं आरएफसी ९३०९ हे अधिकृत इंटरनेट मानक पण झालं, तरी पाळायचं की नाही हे बॉटच ठरवतो.

सुरुवातीला आयपी ब्लॉक करणं मला सगळ्यात भारी वाटायचं, आता अजिबात नाही. मोबाइल कंपन्या एकाच पब्लिक आयपीमागे कितीतरी गिऱ्हाइकं ठेवतात, त्यामुळे एक आयपी अडवला की ऐरोलीत फोनवर फोटो बघणारा पण बाहेर, आणि बॉट उद्या क्लाउडमधून दुसरा आयपी घेऊन हजर.

खरी ताकद अटींमध्ये आहे. रीराइटकंडच्या, म्हणजे अट सांगणाऱ्या, ओळी एकाखाली एक लिहिल्या की सगळ्या जुळाव्या लागतात, 'किंवा' हवं असेल तर ओआर लावायचं. फोटो मागितलाय, रेफरर (कोणत्या पानावरून मागणी आली तो पत्ता) रिकामा नाही, आणि तो माझ्या डोमेनचाही नाही, तिन्ही खरं असेल तरच ४०३, म्हणजे प्रवेश नाही. रिकाम्या रेफररला सोडायचंच, थेट लिंक उघडणारे तो पाठवतच नाहीत. बॉटसाठी यूजर-एजंटची, म्हणजे येणारा स्वतःचं जे नाव सांगतो त्याची, अट, तिथे ब्राउझरचं नाव लावून येणारे निसटतात, पण नाव सांगून येणारेच एवढे होते की त्यानंतर कोटा एकदाही संपलेला नाही.

पण एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. या फाइलमध्ये एक कंस राहिला की सगळ्यांनाच ५००, म्हणजे सर्व्हरची एरर, चुकलेल्या नियमापुरतं नाही, पूर्ण साइट! अपाचेची कॉन्फिगटेस्ट ही तपासणीची कमांड मुख्य कॉन्फिग तपासते, ही फाइल बघतच नाही, आणि शेअर्ड होस्टिंगवर ती कमांडही आपल्या हातात नसते. त्यात नेटवरचे अर्धे लेख अपाचे २.२ च्या काळातले, आयपी अडवायच्या जुन्या ऑर्डर-डिनाय ओळीवाले. २.४ मध्ये आयपी अडवणारं रिक्वायर नॉट आयपी नुसतं लिहून चालत नाही, रिक्वायरऑलच्या आत रिक्वायर ऑल ग्रँटेडसारख्या परवानगी देणाऱ्या ओळीच्या जोडीनेच लिहावं लागतं. म्हणून मी आधी सबडोमेनच्या रिकाम्या फोल्डरमध्ये फाइल टाकतो, मोबाइल डेटावरून उघडून बघतो, मगच खऱ्या साइटवर चढवतो. होस्टिंगवाल्यांनी फाइल मॅनेजरमध्ये सेव्हच्या शेजारी 'तपासा' असं एक बटण दिलं ना, तर मी वर्षाचं रिन्युअल आजच भरतो.